सिद्रामअप्पांची साक्ष

दार उघडलं तर समोर सिद्रामअप्पा उभे. हातात बाबांची एकच चप्पल. दोन जिने धावत चढून आल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं.

"ताई, साहेब पडलेत. खाली रिक्षात बसवलंय. आधी चला."

"कुठं पडले?"

"माझ्यापाशीच. पाय टेकवत न्हाईत."

जानेवारीतली संध्याकाळ होती. मी नुकतीच ऑफिसातून आले होते, कुकर लावला होता. गॅस बंद केला आणि तशीच खाली उतरले. बाबा रिक्षात पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून बसले होते. ओठ पांढरे पडलेले. मला बघून म्हणाले, "काही नाही गं, मुका मार असेल." रिक्षा वळली आणि ते ओरडले. बाबांना ओरडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

माझे वडील, यशवंत तारळेकर, एस. टी. मधून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी आयुष्यभर गाड्या पुकारल्या. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच. मी पस्तिशीची, जिल्हा परिषदेत टायपिस्ट. माझ्या लग्नाचा विषय आमच्या घरात बोलून बोलून संपलेला होता. बाबांचा सगळा दिवस संध्याकाळच्या पाचकडे डोळे लावून जायचा. पाच वाजले की ते चालत मार्केटच्या रस्त्याला जायचे, फुटपाथवर सिद्रामअप्पांच्या शेजारी पत्र्याच्या डब्यावर बसायचे आणि साडेसातला परत यायचे.

सिद्राम दोडमणी बॅगा दुरुस्त करायचे. चेन बसवणं, पट्टा शिवणं, फाटलेल्या रेक्झिनला ठिगळ लावणं. एक शिलाई मशीन, मागे सामानाचं लाकडी खोकं, वर ताणलेला प्लास्टिकचा कागद. बावीस वर्षं ते त्या जागी बसत होते. बायको वारलेली, एक मुलगी विजापूरला दिलेली. बाबांच्या ड्यूटीच्या बॅगेची चेन त्यांनी कधीतरी बदलली होती, तिथून ओळख झाली. एवढी वर्षं ते दोघं काय बोलायचे, मला ठाऊक नाही. एकदा विचारलं तर बाबा म्हणाले होते, "बोलायला कशाला लागतं? बसतो."

अप्पांच्या जागेपासून चार पावलांवर फुटपाथमधून लोखंडी खांबाचं बूड वर आलेलं होतं. पूर्वी तिथे दिशा दाखवणारी पाटी होती. ती काढताना महापालिकेच्या माणसांनी खांब गॅसकटरनं कापला आणि चार बोटं उंचीचं बूड तसंच सोडून गेले. अप्पांनी दोनदा मुकादमाला सांगितलं. काही होईना तेव्हा स्वतःच त्यावर लाल फडकं बांधलं. ते कुणी सोडून नेलं की दुसरं बांधायचे. त्या दिवशी फडकं नव्हतं. बाबा उठले, निघाले, जाता जाता मागे वळून अप्पांना काहीतरी म्हणाले आणि चप्पल त्या बुडात अडकली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "कसे पडले?" मी म्हणाले, "रस्त्यात पाय अडकून." त्यानं केसपेपरवर लिहिलं, 'रस्त्यात पाय घसरून पडले.' ते मी तेव्हा वाचलंच नाही.

एक ऑपरेशन झालं. आत पू झाला म्हणून दुसरं झालं. एप्रिलमध्ये मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की वॉकर धरून पलंगापासून बाथरूमपर्यंत, एवढंच आता. दुसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही. म्हणजे बाबा पुन्हा रस्त्यावर उतरणार नव्हते.

मग पाचचा शिरस्ता उलटा झाला. संध्याकाळी मशीनवर कागद बांधून अप्पा आमच्याकडे यायला लागले. जिन्यात पावलं वाजली की बाबा पलंगावरून त्यांच्या जुन्या आवाजात पुकारायचे, "सिद्राम दोडमणी, फलाट क्रमांक दोनवर येत आहेत!" अप्पा दारातच चपला काढायचे, खुर्ची असूनही पलंगाशेजारी खाली बसायचे. मी चहा ठेवायची. कधी अप्पा बाबांचे पाय दाबून द्यायचे, मी नको म्हणाले तर म्हणायचे, "तुमी ऑफिसातनं दमून आलाय. बसा."

दिवाणबाईंकडे मला आमच्या ऑफिसातल्या एकीनं पाठवलं. पन्नाशीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या वकील. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "पोलिसांत नोंद केली?"

"नाही."

"फोटो काढला त्या बुडाचा?"

"आमच्याकडे कॅमेरा नाही. आणि तेव्हा सुचलं पण नाही."

"कुणालाच सुचत नाही. ग्राहक मंचात हे चालायचं नाही, रस्त्यानं चालणारा माणूस गिऱ्हाईक होत नाही. राहिला दिवाणी दावा. महापालिकेला आधी महिन्याभराची नोटीस द्यायची, आणि घटनेपासून सहा महिन्यांत दावा दाखल व्हायला हवा. तीन महिने तुम्ही दवाखान्यात घालवलेत. उद्याच नोटीस पाठवू."

नोटिशीचं उत्तर आलं. बाबांनी चष्मा न लावता ते मोठ्यानं वाचलं. त्यांचे डोळे तोवर माझ्याहून चांगले होते. 'सदर ठिकाणी असा कोणताही खांब अथवा खांबाचा अवशेष अस्तित्वात नाही. नोटीस देणार हे वयोवृद्ध असून, दृष्टिदोषामुळे व स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पाय घसरून पडलेले आहेत. दवाखान्याच्या कागदपत्रांतही तशीच नोंद आहे. खोटा मजकूर रचून पैसे उकळण्याचा त्यांचा हेतू आहे.'

बाबांनी कागदाची घडी घातली. "मराठी छान लिहिलंय," म्हणाले.

खोलीत बसलेले अप्पा चमकले. "अस्तित्वात न्हाई कसं? आठ दिवसांमागं जीप आली की. सकाळी सकाळी बूड कापलं, वरनं सिमेंट मारलं. मी बगत होतो."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि एकदम विषय बदलला. "सिद्राम, मुलीचं पत्र आलं का?"

दावा दाखल झाला. तारखा पडत राहिल्या, एक वर्ष गेलं. बाबांना कोर्टात नेणं शक्य नव्हतं म्हणून कोर्टानं नेमलेले कमिशनर घरी आले आणि पलंगाशेजारी बसून त्यांनी बाबांची साक्ष लिहून घेतली. महापालिकेच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, "तुम्ही पडलात ते कुणी पाहिलं?"

"संध्याकाळी तिथे गर्दी असते," बाबा म्हणाले.

"एकाचं तरी नाव सांगा."

"नाही सांगता येणार."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सव्वीस वर्षांच्या नोकरीतल्या प्रत्येक चालकाचं नाव गावासकट सांगणारा माणूस शपथेवर म्हणत होता की नाही सांगता येणार.

दिवाणबाईंनी मला जिन्यात गाठलं. "तुमचे वडील कुणाला वाचवताहेत?"

मी सांगितलं.

त्या कठड्याला टेकल्या. "बूड होतं हे सांगणारा तो एकच माणूस आहे. त्याच्याशिवाय केस उभी राहत नाही. त्याच्याकडे बसायचा परवाना आहे?"

"नाही."

"मग नीट ऐका. पिंजऱ्यात उभा राहिला की त्याचं नाव, त्याची जागा सगळं कागदावर येणार. पहिला प्रश्न परवान्याचाच विचारतील. पुढे त्याची जागा राहील असं मला वाटत नाही. हे त्याला आधी सांगा. ऐकूनही आला तर येऊ दे. पण सांगायचं काम तुमचं."

त्या दिवशी जेवताना मी बाबांजवळ विषय काढला.

"सिद्रामला कोर्टात न्यायचं नाही," बाबा म्हणाले. हळू आवाजात, पण घास खाली ठेवून.

"बाबा, ते लिहितात तुम्ही खोटं बोलताय. पैसे उकळताय म्हणतात."

"म्हणू दे."

"मला नाही ऐकवत."

"तू कशाला वाचतेस मग ते? ठेवून दे कपाटात." मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "उज्ज्वला, माझा पाय गेला. तो काही निकालानं येत नाही. त्याची जागा गेली तर तो काय करेल? या वयात नवीन रस्ता शोधेल? शपथ घे, विचारणार नाहीस त्याला."

शपथ मी घेतली नाही. "बरं," एवढंच म्हणाले. त्यांनी ते पुरेसं मानलं.

मला आज सांगता येत नाही की मी तेव्हा काय विचार करत होते. पैशासाठी केलं असं नाही. त्या कागदातली ती ओळ माझ्या डोक्यातून जात नव्हती. दिवसभर ऑफिसात मी सरकारी पत्रं टाइप करायची, सगळी त्याच भाषेत, आणि प्रत्येक पत्रात मला बाबा खोटारडे दिसायचे. कुणीतरी शिक्का मारलेल्या कागदावर लिहून द्यावं की हा माणूस खरं बोलला, एवढंच मला हवं होतं.

दोन दिवसांनी दुपारच्या सुट्टीत मी अप्पांच्या जागेवर गेले. ते एका शाळेच्या दप्तराला पट्टा लावत होते. मला पाहून त्यांनी डबा पुढे केला, बाबांचा बसायचा. मी बसले.

"अप्पा, तुम्हाला कोर्टात यावं लागेल. जे पाहिलं ते सांगायला."

त्यांनी मशीन थांबवलं. "साहेब काय म्हंतेत?"

मी त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "बाबांचाच निरोप आहे."

"साहेबांचा?"

"हो. त्यांना तुमच्याशी बोलायला संकोच वाटतो. म्हणून मला पाठवलंय. त्यांच्यासमोर हा विषय काढू नका, त्यांना अवघड होईल."

अप्पा दोऱ्याचं टोक बोटांत फिरवत राहिले. रस्त्याकडे, मग मागच्या खोक्याकडे पाहिलं. "माझ्या जागेचं काय व्हईल?"

"काही होत नाही. दिवाणबाईंना विचारलंय मी."

हे मी इतक्या सहज बोलले की नंतर मलाच भीती वाटली.

"साहेबांनी आजपोत्तर काय मागितलं न्हाई बगा," ते म्हणाले. "बावीस वर्सात एक चहा पण माझ्या पैशानं घेतला न्हाई. येतो मी. कवा यायचं तेवढं सांगा."

नोव्हेंबरात त्यांची साक्ष झाली. धुतलेला पांढरा शर्ट, केसांना तेल. पिंजऱ्यात उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं. पाटी कधी निघाली, खांब कुणी कापला, मुकादमाला काय सांगितलं, फडकं कितीदा बांधलं, साहेब कसे पडले, आणि नंतर जीपमधून येऊन बूड कुणी काढलं. एकही वाक्य फिरवून बोलले नाहीत.

मग महापालिकेचे वकील उठले.

"तुम्ही तिथे कुठल्या परवान्यानं बसता?"

"परवाना न्हाई."

"म्हणजे बेकायदा बसता."

"बसतो. बावीस वर्स झाली."

"तुमच्या खोक्यामुळे फुटपाथवर चालायला किती जागा उरते?"

अप्पांनी हातांनी अंतर दाखवलं. मग न्यायाधीशांना कळावं म्हणून म्हणाले, "तीन फूट तरी माझ्या खोक्यात जातंय, साहेब."

"म्हणजे तुमचं खोकं नसतं तर तारळेकर त्या कडेनं गेलेच नसते?"

दिवाणबाई हरकत घ्यायला उठल्या, पण अप्पा बोलून गेले होते. "नसते गेले असं म्हनू शकता. पन खांब माझा नव्हता."

कोर्टात कुणीतरी हसलं. अप्पा हसले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बरोबर बोललो का ताई? साहेबांना सांगा, जे हाय ते सांगितलं म्हनावं."

मी बाबांना काही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी अप्पा आले, नेहमीसारखे खाली बसले. विषय काढू नका म्हणून मी सांगितलं होतं, त्यांनी काढला नाही. बाबा त्यांना स्टँडवरची कुठली तरी जुनी गंमत सांगत होते. मी चहा करताना दोनदा साखर घातली.

बाराव्या दिवशी ऑफिसातून येताना मला अतिक्रमण विभागाची गाडी दिसली. रसवंतीवाला होता तिथेच होता. पट्टे आणि पाकिटं विकणारा होता. फक्त अप्पांची जागा मोकळी होती. खोक्याच्या फळ्या गाडीत पडल्या होत्या. मशीन मात्र कुणाच्या तरी हातापाया पडून त्यांनी वाचवलं होतं. ते हातगाडीवर ठेवलेलं होतं आणि अप्पा त्याला दोरी बांधत होते.

मला बघून ते थांबले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"साहेबांना कळलं का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"काय म्हनाले?"

"वाईट वाटलं त्यांना."

ते आणखी काहीतरी ऐकायला थांबले.

"बरं," ते म्हणाले. "लेकीकडं जातो विजापूरला. हितं आता काय हाय? सांजच्याला घरी येऊन जातो, साहेबांना भेटून."

ते आले असते, बाबांनी विचारलं असतं, आज उशीर कसा रे, आणि सगळं उघड झालं असतं.

"नको," मी म्हणाले. "डॉक्टरांनी मनाई केलीय. कुणाला भेटू द्यायचं नाही म्हणालेत. बोललं की त्रास होतो."

"मला पन?"

"कुणालाच."

अप्पांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग दोरीची गाठ पुन्हा आवळली, ती आधीच घट्ट होती. "ठीक हाय," म्हणाले. "सांगा त्यांना, निघालो म्हनून." हातगाडी ढकलत ते रस्त्याच्या कडेनं गेले.

त्या संध्याकाळी बाबा सहा वाजेपर्यंत जिन्याकडे कान लावून होते.

"सिद्राम आला नाही आज."

"मुलीकडे गेलेत. विजापूरला."

"न सांगता?"

"घाईत गेले. मला रस्त्यात भेटले."

"काही झालं का तिला?"

"नाही, नाही. सहज."

"मग येईल आठवड्यात," बाबा म्हणाले.

आठवडा झाला. बाबांनी स्वतःच कारण काढलं की नातवाची शाळा असेल, राहिला असेल. महिना झाला. संक्रांत आली तेव्हा म्हणाले, "सिद्रामसाठी तिळगूळ ठेव हं वाटीत." मी ठेवला. तो मी पुढे पंधरा दिवसांनी टाकून दिला, त्यांचं लक्ष नसताना. एकदा म्हणाले, "पत्ता असेल कुणाकडे, कार्ड टाक." मी टाकते म्हणाले. टाकलं नाही. रोज ठरवायची की आज सांगायचं, आणि रोज त्यांचा चेहरा बघून वाटायचं, उद्या. सांगितलं असतं तर ते माझ्यावर रागावले असते. किती रागावले असते? आठ दिवस बोलले नसते, फार तर महिना. पण त्यांना माणूस परत मिळाला असता. हे इतकं साधं गणित मला तेव्हा दिसलं नाही, किंवा दिसलं तरी मी ते सोडवलं नाही.

फेब्रुवारीत त्यांनी विचारणं सोडलं. जिन्यात पावलं वाजली तरी मान वळवेनात. जेवण कमी झालं. एका संध्याकाळी मी त्यांची नखं कापत होते तेव्हा खिडकीकडे बघत म्हणाले, "पडलो तेव्हा रिक्षा मिळेपर्यंत माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. धंदा तसाच सोडून." थोडं थांबून म्हणाले, "जाऊ दे. आजारी माणसाचा कंटाळा येतो लोकांना. त्याचा काय दोष."

माझ्या हातातलं नेलकटर थांबलं. तेव्हा सांगायचं होतं. मी म्हणाले, "दुसरा हात द्या."

मार्चमध्ये बाबा गेले. झोपेतच. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. कोर्टानं लिहिलं होतं की सदर ठिकाणी खांबाचा अवशेष होता, तो महापालिकेच्या निष्काळजीपणामुळे राहिला होता, आणि वादी यांचं म्हणणं खरं आहे. साक्षीदार क्रमांक दोन यांची साक्ष विश्वासार्ह वाटते. मला हवी होती ती ओळ शिक्क्यासकट माझ्या हातात होती. दिवाणबाईंनी अभिनंदन केलं. मग म्हणाल्या, "त्या माणसाला कळवलंत ना?" मी मान डोलावली. महापालिकेनं अपील केलं. त्याचं पुढे काय झालं ते मी फारसं पाहिलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला एका दुपारी बेल वाजली. दारात सिद्रामअप्पा. खूप वाळलेले. एका लग्नाला आले होते, फुटपाथवरच्या पट्टे विकणाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं.

"साहेब गेले म्हनं."

"या ना आत."

ते आत आले. सवयीनं जिथे पलंग होता तिथे खाली बसायला गेले, पलंग नव्हता हे पाहून भिंतीशी बसले. समोर बाबांचा फोटो होता. त्याला हात जोडले नाहीत, नुसते बघत राहिले. मी पाणी दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"केस जिंकली म्हनं."

"हो."

"बरं झालं. साहेबांच्या मनासारखं झालं."

मी तांब्या आत ठेवून आले.

"एक सांगू का ताई, राग न्हाई मला. जागा काय, आज ना उद्या उठवलीच असती. साहेबांनी मागितलं, मी दिलं. पन जागा गेल्यावर त्यांनी दोन शब्द तरी पाठवावेत असं वाटलं बगा. विजापुरात लेकीच्या दारात बसून वाट बगायचो. पोस्टमन दिसला की उठायचो." ते ओशाळं हसले. "आपलं म्हनून. मोठा मानूस, त्यांचं काम झालं असंल."

त्यांनी हे बाबांच्या फोटोकडे बघत म्हटलं, माझ्याकडे नाही. मला ते सहन झालं नाही.

मी सांगितलं. त्यांच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं. बाबांनी मला तुम्हाला विचारायची बंदी केली होती. निरोप त्यांचा नव्हता. जागा जाणार हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी कुणालाही मनाई केली नव्हती. तुमची साक्ष झाली, जागा गेली, यातलं त्यांना काही कधीच कळलं नाही.

अप्पांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. जागेबद्दल, साक्षीबद्दल, माझ्या खोटेपणाबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. म्हणाले, "म्हंजे साहेब माझी वाट बगत होते?"

"हो."

"किती दिस?"

"रोज. फेब्रुवारीपर्यंत विचारायचे. मग विचारणं सोडलं."

"सोडलं?" त्यांनी फोटोकडे पाहिलं. "शेवटाला काय म्हनाले माझ्याबद्दल?"

मला काहीही सांगता आलं असतं. आठवण काढत होते, नाव घेत गेले, कुठलीही मुलगी दारात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला सांगेल असं काहीतरी. पण त्या घरात पुन्हा एकही खोटं बोलायचं नाही असं मी त्या क्षणी ठरवलेलं होतं, आणि त्या निश्चयाचा मला अभिमानही वाटत होता.

"म्हणाले, आजारी माणसाचा कंटाळा येतो लोकांना. त्याचा काय दोष."

अप्पांचं तोंड उघडं राहिलं. ते रडले नाहीत. दोन्ही हात जमिनीला टेकून, कुणीतरी मागून ढकलल्यासारखे ते पुढे वाकले आणि तसेच राहिले. मी त्यांच्या खांद्याला हात लावायला गेले तर त्यांनी खांदा हळूच काढून घेतला.

मग ते उठले. भिंत धरून दारापर्यंत गेले, चपला पायात सरकवल्या. एक चप्पल उलटी पडली होती, ती मी सरळ करायला वाकले, पण त्यांनी आधीच पायानं केली.

"तेवढं एक सांगायला नको होतं, ताई," ते म्हणाले आणि एक एक पायरी बघत जिना उतरून गेले.